पहिल्या तीन महिन्यांची वही: गुहागरहून सोलापूरला आलेल्या एका संशोधक विद्यार्थिनीचं प्रकरण

२०२४ च्या जुलैत गुहागर तालुक्यातली एक मुलगी भूगोलात पीएच.डी. करायला सोलापूरला आली. वय ३१. चार वर्षं तिकडच्याच एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होती. पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) दिली, मुलाखत झाली आणि तिची नोंदणी माझ्याकडे झाली. मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयात भूगोल शिकवते, संशोधन केंद्रात मार्गदर्शक आहे. तिचं नाव इथे देत नाही. हा मजकूर आधी तिला वाचायला दिला होता. तिने दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्या आहेत.

प्रकरण लिहून काढावंसं वाटलं त्याला कारण आहे. बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्षानुवर्षं एकच सल्ला देत आले: केगाव-बाळ्याच्या बाजूला शांत खोली बघा, विद्यापीठ जवळ पडतं, बोअरचं पाणी असतं, अभ्यास होतो. या मुलीलाही मी तेच सांगितलं. तिने ऐकलं आणि सहा आठवडे वाया गेले. पुढे नाइलाजाने तिने माझ्या मनाविरुद्ध जागा बदलली, तेव्हा कुठे तिचं संशोधन सुरू झालं.

येताना काय घेऊन आली

एक ट्रंक, दोन पिशव्या, रेनकोट, मोठी छत्री आणि तयार विषय. गुहागरच्या किनाऱ्याची रेषा गेल्या तीसेक वर्षांत कशी सरकली, हे उपग्रहाच्या प्रतिमांवरून मोजायचं. विषयात खोट नव्हती. लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या प्रतिमा फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर तिला चांगलं येत होतं, किनारा लहानपणापासून पायाखालचा. मुलाखतीत ती छान बोलली होती.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराड, तिथून विटा, आटपाडी, पंढरपूर करत ती सोलापूरला पोचली. या रस्त्याचं मला फार अप्रूप आहे. महाराष्ट्राचा पश्चिम-पूर्व छेद वर्गात फळ्यावर काढून दाखवायला मला तास पुरत नाही, तो इथे एका दिवसात खिडकीतून दिसतो. जांभ्याची लाल दरड संपते, काळा पाषाण लागतो, कृष्णाकाठचा ऊस येतो आणि मग एका वळणानंतर हिरवं ओसरून माळ सुरू होतो. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या आसपास. आकडे तिला पाठ होते. पहिल्या भेटीत मी विचारलं, "वाटेत काय पाहिलंस?" जरा विचार करून ती म्हणाली, "मॅडम, कुठेतरी छपरांचा उतार गेला. कौलारू घरं संपली आणि सपाट धाबी सुरू झाली. नेमकं कुठल्या गावापासून, ते मात्र बघायचं राहिलं."

इकडे त्या सपाट मातीच्या छपराला माळवद म्हणतात. पाऊस कमी म्हणून उतार नको, ऊन जास्त म्हणून मातीचा जाड थर. तिने शब्द लिहून घेतला. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं की या मुलीचा डोळा प्रतिमांपेक्षा रस्त्यावर जास्त चांगला चालतो. आलं नाही. मी तिला बाळ्याकडच्या एका इमारतीचा पत्ता दिला.

पहिले सहा आठवडे

कागदांचं आधी सांगून टाकते. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्याला स्थलांतर प्रमाणपत्र लागतं आणि ते एका दिवसात हातात पडत नाही. हिने अर्जच उशिरा केला होता. त्यासाठी घाट उतरून परत जावं लागलं, दोनदा. गाव सोडण्याच्या महिनाभर आधी तो अर्ज टाकावा, मूळ गुणपत्रिका सोबत आणाव्यात आणि प्रत्येक कागदाच्या चार प्रती काढून ठेवाव्यात. एवढं केलं तरी प्रवासाचे पैसे वाचतात.

पैशाचं गणित नाजूक होतं. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) असलेल्याला महिना ३७,००० रुपये मिळतात, हिला जेआरएफ नव्हती. राज्याच्या एका अधिछात्रवृत्तीसाठी अर्ज करायचा होता, पण असा पैसा कधी सुरू होईल त्याचा नेम धरून घर चालवता येत नाही. साठवलेल्या पैशात जेमतेम वर्ष निघणार होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान ३ आणि कमाल ६ वर्षं, स्त्रियांना त्यावर आणखी २ वर्षांपर्यंत सवलत. म्हणजे एका वर्षाच्या शिदोरीवर किमान तीन वर्षांची वाट. मी प्रत्येकाला हा हिशेब पहिल्याच दिवशी कागदावर मांडायला लावते. तो मांडताना तिचा चेहरा उतरला, पण ती मागे फिरली नाही.

बाळ्याकडच्या फ्लॅटमध्ये तिच्यासोबत आणखी दोघी होत्या. नळ फिरवला की बोअरचं पाणी, खिडकीबाहेर महामार्ग. सकाळी रिक्षाने केंद्रात यायची, कोर्सवर्कचे तास करायची, संध्याकाळी परत. किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क सगळ्यांना असतं, त्यात संशोधनातल्या नीतिमत्तेचा भागही असतो. ते ती मन लावून करत होती. प्रतिमा उतरवून घेतल्या, संदर्भ वाचले, दोन कच्चे नकाशे केले. कागदावर प्रगती उत्तम होती.

मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला रोजवही ठेवायला सांगते. दोनशे पानी साधी वही, रोज रात्री दिवसभरात दिसलेलं लिहायचं, निष्कर्ष लिहायचे नाहीत. ऑगस्टच्या सुरुवातीला तिची वही पाहिली. सलग पाच दिवसांची नोंद जवळपास सारखी: "केंद्रात गेले. काम केलं. परत आले. ऊन." एके ठिकाणी लिहिलं होतं, "छत्री उन्हासाठी उघडली." त्या एका ओळीपलीकडे सोलापूर वहीत शिरलंच नव्हतं.

माझी अस्वस्थता तिथून सुरू झाली. किनाऱ्याचं काम ती गुहागरात बसूनही करू शकली असती. उलट प्रत्यक्ष मोजणीसाठी तिला दरवेळी तीनशेहून जास्त किलोमीटर मागे जावं लागणार होतं. घर सोडलं, नोकरी सोडली, आणि ज्या शहरात आली त्याच्याशी तिच्या अभ्यासाचा काडीचा संबंध नव्हता. विषय बदल असं मार्गदर्शकाने म्हणणं सोपं असतं, निस्तरावं विद्यार्थ्याला लागतं. मी गप्प बसले.

पूर्व भागातली खोली

ऑगस्टच्या मध्यावर फ्लॅटमधल्या एकीला पुण्यात नोकरी लागली आणि ती गेली. भाडं दोघींत वाटायची वेळ आली, ते हिला परवडेना. आमच्या केंद्रातल्या शिपाईमामांनी त्यांच्या ओळखीने पूर्व भागात एक खोली सुचवली. खाली मालकांचं कुटुंब, वर पत्र्याची एक खोली, भाडं जवळपास निम्मं.

सोलापूर न पाहिलेल्या वाचकांसाठी: पूर्व भाग म्हणजे प्रामुख्याने पद्मशाली समाजाची वस्ती. गिरण्या आणि हातमागांच्या काळात तेलंगणाकडून आलेले विणकर इथे स्थिरावले. सोलापुरी चादर याच हातांनी देशभर नेली. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, बाजारात दोन्ही. पुरुष यंत्रमागावर, बायका घरी विड्या वळतात. शहरातल्या हजारो घरांची चूल विडीवर चालते.

मी तिला नको म्हटलं. मागांची खडखड, भाषा येत नाही, नळाला रोज पाणी नाही, अभ्यास कसा करशील. ती म्हणाली, "मॅडम, दुसरं परवडत नाहीये." विषय तिथेच संपला.

खोलीत गेली त्या आठवड्याची वही माझ्यासमोर आहे. पहिल्याच रात्रीची नोंद अडीच पानांची. पहाटे पावणेतीनला खालून दारावर थापा पडल्या. "नीळ्ळु, नीळ्ळु!" असा ओरडा. ती घाबरून उठली, तिला वाटलं कुठे आग लागली. मालकीणबाईंनी जिन्यातून हाक मारली, "पोरी, पाणी येऊलालंय, ऊठ!" तिला नीळ्ळु कळलं नाही आणि येऊलालंय (येतंय) हेही धड कळलं नाही. घागरींच्या रांगेत उभी राहिल्यावर कळलं की तेलुगूत पाण्याला नीळ्ळु म्हणतात. चार घरं सोडून एक कानडी कुटुंब होतं, तिथली म्हातारी नीरु म्हणत होती. एका गल्लीत, एका नळाभोवती, पाण्याला तीन शब्द.

पाणी तिथे चार दिवसांआड यायचं, कधी पाच दिवसांआड. पहिल्या पंधरा दिवसांत तिने काय काय लिहिलं बघा. पाणी कधी सुटलं, किती वेळ टिकलं, धार कधी बारीक झाली. कुणाकडे किती ड्रम, कुणाकडे हौद, कुणाकडे नुसत्या घागरी. मोटर लावणारी दोन घरं कोणती आणि त्यावरून भांडण कसं होतं. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याचा फोन नंबर कुणाकडे आहे आणि त्यामुळे कोणत्या घराला बातमी आधी कळते. पाण्याच्या दिवशी कोणत्या बाईने कामाला सुट्टी घेतली. भरलेल्या पाण्यापैकी प्यायचं कोणतं, वापरायचं कोणतं, शिळं पाणी कशाला, धुण्याचं पाणी पुढे कुठे जातं. तिने पाण्याला "पहिल्या दिवसाचं", "दुसऱ्या दिवसाचं" अशी नावंही टिपली होती. माझं सगळं आयुष्य या शहरात गेलं. पाण्याला वय असतं हे मला माहीत होतं, पण त्यावर एक ओळ लिहावी असं मला कधी सुचलं नाही.

सोलापूरला पाणी देणाऱ्या उजनी धरणाचं गणितही तिने त्याच आठवड्यात लावलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यात खोल गेलं होतं, लोक त्याच्या आठवणी सांगत होते. जुलैअखेर पुण्याकडे धो धो पाऊस झाला आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात उजनी भरली. सोलापुरात तेव्हा नुसती भुरभुर. तिने भीमेचं खोरं नकाशावर वरपर्यंत काढलं: भीमाशंकर, इंद्रायणी, मुळा-मुठा. मग मला दाखवत म्हणाली, "म्हणजे मॅडम, इथे नळाला येतं ते आमच्याच डोंगरावरचं पाणी. पश्चिमेला पडलं ते आमच्याकडे, पूर्वेला पडलं ते इथे." सह्याद्रीचा जलविभाजक मी पंचवीस वर्षं शिकवते. तो घागर भरता भरता कुणाला उलगडलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

पान की अंघोळ

गणपतीला ती आठ दिवस गावी जाऊन आली. परत आल्यावर सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जे घडलं त्यावर पुढचं सगळं उभं आहे, म्हणून ते सविस्तर सांगते.

मंगळवारी पाणी यायचं होतं. आलं नाही. बुधवारी रात्रीपर्यंत नाही. खाली अक्कांकडे (मालकीणबाईंना ती अक्काच म्हणते) एक घागर आणि अर्धी बादली उरलेली. अक्का दिवसाला हजारभर विड्या वळतात, मजुरी हजारावर मिळते. तेंदूचं पान कोरडं असलं तर कापताना फाटतं आणि वळताना तडकतं. म्हणून आदल्या रात्री पानं पाण्यात भिजवायची, निथळून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग सकाळी वर फर्मा ठेवून कात्रीने कापायची. पान न भिजवता झोपलं तर दुसऱ्या दिवसाचं काम बुडालं.

अक्कांची धाकटी मुलगी बारावीला, सकाळी तिचा पेपर. तिला डोकं धुवायचं होतं. मायलेकींत तेलुगूत काहीतरी झालं. ही जिन्यात उभी होती. तिने पाहिलं ते असं: अक्कांनी अर्धी बादली पुढे ओढली, पानांची चळत हातात घेतली, एकदा मुलीकडे पाहिलं आणि पानं पाण्यात सोडली. मुलगी काही न बोलता आत गेली. मग अक्का हिच्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "पान वाळलं तर उद्याचा दिवस जातोय. डोकं परवा धुता येतंय."

हिने वरून आपली पाण्याची बाटली आणून मुलीला दिली. ती तोंड धुवायला पुरली.

रात्री वहीत सहा पानं. शेवटी एक प्रश्न, खाली दोन रेघा मारलेला: "पाणी किती येतं हे सगळे मोजतात. पाणी केव्हा येतं याने बाईचा दिवस कसा कापला जातो, हे कोण मोजतं?"

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन आली तेव्हा मी तिला टॉर्स्टन हेगरस्ट्रँड वाचायला दिला. स्वीडनमधल्या लुंडचे हे भूगोलतज्ज्ञ. त्यांनी १९७० च्या सुमारास एक साधी गोष्ट ठामपणे मांडली: नकाशावर माणूस कुठे आहे एवढं दाखवून भागत नाही, तो तिथे कधी आणि किती वेळ आहे तेही दाखवावं लागतं. खाली जागा, वर वेळ, आणि माणसाचा दिवस म्हणजे त्यातून वर चढत जाणारी रेघ. ती रेघ मन मानेल तशी वळत नाही. एक बंधन शरीराचं, झोप आणि भूक टळत नाही. दुसरं जुळवणीचं, दोन माणसं किंवा माणूस आणि वस्तू एकाच वेळी एका जागी असावी लागतात. तिसरं सत्तेचं, वेळ दुसराच कुणीतरी ठरवतो. नळाचं पाणी म्हणजे ही तिन्ही बंधनं एका जागी: पहाटेची मोडलेली झोप, नळापाशी हजर राहणं आणि दूर कुठेतरी ठरलेलं वेळापत्रक.

तिने आलेखाच्या कागदावर अक्कांचे दोन दिवस काढले, एक बिनपाण्याचा आणि एक पाण्याचा. बिनपाण्याच्या दिवशी रेघ विड्या वळायच्या सुपापाशी सलग सात तास उभी. पाण्याच्या दिवशी ती पहाटे दोन चाळीसला नळापाशी जाते, चार दहाला परत येते आणि पुढे दिवसभर तुटक तुटक होते. विड्या त्या दिवशी साडेसहाशे. दोन रेघा शेजारी शेजारी ठेवल्यावर वेगळं काही समजवावं लागत नव्हतं.

विषय बदलण्याचा निर्णय

किनाऱ्याचा विषय सोडायचा की नाही, यावर आम्ही ऑक्टोबरभर बोललो. एका बैठकीत ठरण्यासारखी ही गोष्ट नाही. तिच्याकडे दोन महिन्यांचं तयार काम होतं आणि त्या कामाला पुढे नोकरीच्या बाजारात मान आहे, हेही खरं. सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रहाच्या प्रतिमांवरून अभ्यास करणं, येणाऱ्याला विचारतात. पाणी आणि बायकांचा वेळ म्हटलं की आमच्याच क्षेत्रातली काही माणसं हा भूगोल नव्हे, समाजशास्त्र आहे असं म्हणतात. मला ते मान्य नाही. जागा, वेळ, अंतर आणि संसाधन हे सगळं जिथे एकत्र येतं तो भूगोलच. पण उद्या मुलाखतीला तिला सामोरं जायचं होतं, मला नाही.

घरून विरोध झाला. आई फोनवर म्हणाली, "घर सोडून इतकी लांब गेलीस ती गल्लीतल्या घागरी मोजायला?" या वाक्यावर ती माझ्यासमोर रडली. मी तिला एवढंच सांगितलं की आईला आलेखाचा तो कागद दाखव, बाकी काही समजावू नकोस. दिवाळीत तिने दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "विहिरीवर माझेही असेच तास जायचे गं." मग विरोध राहिला नाही.

एक अडचण मात्र खरोखर मोठी होती आणि तिच्यावर आमचे सगळ्यात जास्त दिवस गेले. ज्या घरात ती भाडं देऊन राहत होती, जिथे तिला पोरी म्हणून हाक मारत होते, तेच घर तिच्या अभ्यासाचा भाग होत होतं. वहीत मायलेकींची भांडणं होती, मजुरीचे आकडे होते, मोटर कुणाची तेही होतं. अक्कांनी तिला घरात घेतलं ते भाडेकरू म्हणून, संशोधक म्हणून नव्हे. नोंदी वापरायच्या तर विचारायला हवं. पण भाड्याने राहणाऱ्या मुलीला आणि तिच्या मॅडमना नको म्हणणं अक्कांना अवघड जाणार, मग त्या होकाराला अर्थ किती?

शेवटी असं ठरलं. त्या घराची आणि त्या गल्लीची एकही नोंद प्रबंधात आकडेवारी म्हणून येणार नाही. प्रश्न तिथून घ्यायचे, उत्तरं दुसरीकडून. सर्वेक्षणासाठी शहरातल्या तीन वेगळ्या वस्त्या घ्यायच्या, जिथे तिला कुणी ओळखत नाही. अक्कांना सगळं समजावून सांगायचं आणि त्यांनी आक्षेप घेतलेली पानं बाजूला ठेवायची. अक्कांनी दोन पानं काढायला लावली. दोन्ही मजुरीची नव्हती. मुलीला डोकं धुवू दिलं नाही, ती नोंद त्यांना नको होती. "आई अशी असते व्हय, म्हणतील लोक." पुढे डिसेंबरात त्यांनी स्वतःहून परवानगी दिली, म्हणून तो प्रसंग वर लिहिता आला.

संशोधन सल्लागार समितीने जानेवारीत नवा विषय मान्य केला. एका सदस्यांनी नमुना कसा निवडणार यावर कडक प्रश्न विचारले, ते योग्यच होते. त्यातून सर्वेक्षणाचा आराखडा सुधारला.

वही बारीक होत गेली

आता ज्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतलं त्या गोष्टीकडे येते.

फेब्रुवारीत सहामाही अहवालासाठी मी तिच्या वह्या एकत्र चाळल्या. खोलीत गेल्यापासून पहिल्या पंधरा दिवसांत ४१ पानं. नोव्हेंबरच्या एका पंधरवड्यात ९. जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात ३. ऑगस्टमधली नोंद अडीच पानांची होती, जानेवारीतली अशी: "पाणी आलं. भरलं." गल्लीत तेवढंच घडत होतं. भांडणं होत होती, ड्रम होते, चावीवाला होता. तिला मात्र ते दिसेनासं झालं होतं. नीळ्ळु हा शब्द आता ती स्वतःच ओरडायची, आणि जो शब्द आपण ओरडतो तो वहीत लिहावासा वाटत नाही.

जानेवारीतच सिद्धेश्वराची गड्डा यात्रा झाली. नंदीध्वजांची मिरवणूक ६८ लिंगांना तैलाभिषेक करत शहरभर फिरते. सोन्नलगीची, म्हणजे जुन्या सोलापूरची, हद्द पायांनी आखावी तसा तो मार्ग आहे. मी तिला मुद्दाम पाठवलं. त्या दिवशीची नोंद पुन्हा चार पानांची. म्हणजे डोळा थकला नव्हता. गल्लीपुरता सरावला होता.

मार्गदर्शक म्हणून माझं मोठं चुकलं ते इथे. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याच्या पहिल्या तीन महिन्यांना आम्ही "स्थिरावण्याचा काळ" म्हणतो. खोली, मेस, बँक, ओळखपत्र, कोर्सवर्क यांतच ते जाऊ देतो. एकदा का गडी रुळला की मग अभ्यास, असं धरून चालतो. भूगोलाच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे नेमकं उलटं आहे. तो रुळलेला नसतो तेव्हाच त्याला ते दिसतं जे आम्हा गाववाल्यांना दिसत नाही. हे भांडवल त्याच्याकडे तीन-चार महिने पुरतं. या मुलीचे त्यातले सहा आठवडे मी महामार्गालगतच्या शांत फ्लॅटमध्ये घालवले. ती पहिल्या दिवसापासून गल्लीत असती तर उजनी मृतसाठ्यातून वर येतानाचे ते दिवस, सगळ्यात टंचाईचे, तिच्या वहीत आले असते. ते आता कुठूनही मिळणार नाहीत.

बाळे-केगावची बाजू वाईट, असं माझं म्हणणं नाही. प्रयोगशाळेतलं काम असेल, मुलं सोबत असतील, तब्येत नाजूक असेल तर शांत जागा आणि नळाला पाणी हवंच. यंत्रमागाच्या खडखडीत तिची झोप किती दिवस मोडली हे मी पाहिलं आहे, नोव्हेंबरात ती आठवडाभर तापाने पडूनही होती. पण ज्याचा विषय माणूस आणि जागा यांच्यातला आहे त्याने खोली निवडताना भाडं आणि अंतर यांच्याबरोबर हेही पाहावं की या जिन्यावरून उतरल्यावर मला काय दिसेल.

करार संपला तेव्हा

२०२५ च्या जुलैत खोलीचा अकरा महिन्यांचा करार संपला. तोवर अधिछात्रवृत्तीचा प्रश्न सुटलेला नव्हता, संध्याकाळी दोन घरी शिकवण्या घेऊन ती महिना भागवत होती. अक्कांनी भाडं न वाढवता राहा म्हणून सांगितलं. सर्वेक्षणाची पहिली वस्ती झाली होती, दुसरी बाळीवेशीच्या बाजूची, कानडी बोलणाऱ्यांची. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, तीन महिने तिकडे राहू का? मला इथलं आता दिसत नाही."

खर्च वाढणार होता, सामान हलवायचं होतं, अक्कांना वाईट वाटणार होतं. मी तिच्यापुढे तिन्ही गोष्टी ठेवल्या. तिने आठवडाभर विचार केला आणि गेली. अक्कांनी निघताना शेंगाची चटणी आणि कडक भाकऱ्यांची चळत बांधून दिली आणि बजावलं की तिकडे पाणी नसलं तर कपडे इकडे घेऊन ये.

नव्या वहीचं पहिलं पान तिने मला फोटो काढून पाठवलं. वर तारीख, खाली: "इथे पाणी संध्याकाळी येतं. खालून कुणीतरी 'नीरु बंतु' म्हणून हाक दिली. जिना उतरताना हातात घागर घ्यावी की वही, ठरेना. दोन्ही घेऊन उतरले. रांगेत माझ्या पुढे सात जणी, त्यातल्या तिघींच्या कडेवर मुलं. इथल्या घागरी पूर्व भागातल्यापेक्षा लहान आहेत. का, ते विचारायचं."

त्याखाली साडेतीन पानं भरलेली होती.